शिंपलेलं मैदान

संपादकांनी मला ढालींविषयी आणि पदकांविषयी लिहायला सांगितलं आहे. ढाली साखर कारखान्याच्या कचेरीत काचेच्या कपाटात आहेत, आणि त्या कचेरीच्या फाटकातून मला आता आत सोडत नाहीत. पदकं आईनं ट्रंकेत ठेवली आहेत, तिला विचारा. मी लिहिणार आहे ते मार्गदर्शक म्हणून हरलेल्या एका अंतिम सामन्याविषयी. दिवाळीच्या अंकात लोकांना गोड वाचायचं असतं हे मला ठाऊक आहे. माझ्याकडे गोड काही नाही.

मी पुणतांब्याचा. वडील शिंपी. शिवलेले कपडे बांधून द्यायला आमच्या दुकानात जुनी पत्रकं असत. गिरणी कामगारांची, शेतमजुरांची, कुठल्या कुठल्या मोर्च्यांची. गठ्ठ्यानं रद्दीत यायची. मी वाचायला शिकलो ते त्यांच्यावर. ‘बंधूंनो, जागे व्हा’ हे मला बाराखडी पूर्ण होण्याच्या आधी पाठ होतं. त्यामुळे माझ्या बोलण्याला आणि लिहिण्याला जरा पत्रकाचा वास येतो, त्याला माझा इलाज नाही. वासापेक्षा मजकूर बघावा.

लोक विचारतात, कबड्डीवर पोट भरतं का हो? भरतं. फक्त तसं म्हणायचं नसतं. गोदाकाठच्या एका जत्रेतल्या सामन्यांत मला खेळताना पाहून साखर कारखान्याची माणसं घरी आली. हजेरीपटावर मी काट्यावरचा कारकून झालो. उसाची गाडी तोलतात कशी, हे विचाराल तर मला सांगता येणार नाही. सकाळी धावायचं, संध्याकाळी खेळायचं, स्पर्धेला कारखान्याचं नाव छातीवर घेऊन जायचं. सगळे मोठे संघ असेच चालत होते. गिरण्यांचे, बँकांचे, कारखान्यांचे. पहिल्याच दिवशी एका संचालकांनी मला बंगल्यावर बोलावून माझी पोटरी दाबून पाहिली, मांडी थोपटली, एक फेरी चालायला लावलं. घोडेगावच्या बैलबाजारात बैलाचं बघतात तसं. दात मोजायचे तेवढे राहिले. घरी येऊन मी वडिलांना सांगितलं, तर ते मशीन न थांबवता म्हणाले, “आपण मोजमाप घेतल्याशिवाय शिवतो का?”

ज्यांनी हा खेळ शाळेनंतर पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चढाई करणारा गडी समोरच्यांच्या अंगणात एकटा जातो. जाताना ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत राहतो, आणि तेही एका श्वासात. याला दम म्हणतात. समोरच्यांनी त्याला धरून ठेवला आणि दम तुटला की तो बाद. कोणी न धरताही दम तुटला तरी बादच. बोलणं थांबलं की खेळ संपला. दुसऱ्या कुठल्या खेळात असा नियम असेल असं मला वाटत नाही.

मी उजव्या कोपऱ्यात खेळायचो. कोपऱ्यातल्या गड्याचं काम घोटा धरण्याचं. गडी परत फिरायला वळतो तेव्हा एक पाय क्षणभर मागे राहतो. तो क्षण ओळखता आला पाहिजे. डोळ्यांनी फसवणारे पुष्कळ, पण कमरेनं फसवणारा गडी मी पाहिला नाही. म्हणून मी कमरेकडे बघायचो. माझ्या पकडीतून सुटून गेलेले गडी थोडे आहेत, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मग एका सामन्यात दोघे माझ्या गुडघ्यावर पडले आणि आत काहीतरी उसाचं कांडं मोडावं तसं वाजलं. डॉक्टर म्हणाले, चालाल. खेळाल असं ते म्हणाले नाहीत.

कारखान्यानं मला काढून टाकलं नाही. मार्गदर्शक केलं. तेव्हा मला तो मोठेपणा वाटला होता.

बाबू मला मिळाला तो उसाच्या फडात. खर्ड्याकडचं कुटुंब. दर हंगामात ऊसतोडीला येणारं. ट्रकला तिरकी फळी लावली होती आणि हा पोरगा डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून पळत वर चढत होता. फळी वाकायची, उसळायची, आणि याची कमर जागची हलायची नाही. मी गुडघा विसरून बांधावरून उडी मारली.

त्याची आई सोजराबाई उसाच्या शेंड्यांची, वाढ्यांची पेंढी बांधत होती. मी सगळं समजावून सांगितलं. खेळ, नोकरी, बूट, दूध.

“म्हंजे पळायचं आन् पडायचं?” ती म्हणाली.

“हो, मावशी.”

“त्ये तर हितंबी चालूच हाय.”

“तिथं टाळ्या वाजवतात.”

“मंग न्या,” ती म्हणाली. “पन मोडला तर परत घिऊन यू नका. आमच्यात मोडक्याला काम न्हाई.” माझ्या लंगड्या पायाकडे बघत म्हणाली ती हे. बाबू पाठ फिरवून हसत होता.

दोन हंगामांत तो जिल्ह्यातला पहिल्या नंबरचा चढाईबहाद्दर झाला. मी शिकवलं म्हणून, असं मी म्हणत असे. खरं तर मी त्याला एवढंच शिकवलं की परत फिरताना हसू नकोस, दम जातो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याचं वर्णन मी करत नाही, सगळ्यांनी पाहिला आहे. पण आमच्याकडची एक गोष्ट लोकांना माहीत नाही. कबड्डीचं मैदान म्हणजे नुसती आखलेली जागा नव्हे. जमीन उकरायची, माती चाळायची, त्यात कुजलेलं शेणखत नि लाकडाचा भुसा मिसळायचा आणि रोज पाणी शिंपून ती बसवायची. कोरडी पडली की गड्यांची कोपरं नि गुडघे सोलून निघतात. त्या वर्षी होळीच्या आधी आमच्या कारखान्यानं मोठी स्पर्धा भरवली होती. बाहेरचे नामांकित संघ येणार होते, पाहुणे येणार होते. म्हणून सकाळ-संध्याकाळ मैदानावर टँकर यायचा. मैदानाकडे जायला रस्ता एकच, तोडणीवाल्यांच्या कोप्यांमधून. पाचटाच्या त्या खोपटांना नळ नव्हता. कालव्याच्या चारीचं पाणी पीत, ती चारी आटली होती. बाया डोक्यावर हंडे घेऊन लांबच्या कोणाच्या तरी विहिरीवर जात. आणि त्यांच्या दारावरून, गळत्या पाण्यानं चाकाखालची धूळ बसवत, भरलेला टँकर मातीला पाणी पाजायला जायचा.

मला हे कळत नव्हतं असं नाही. पण कळणं निराळं आणि दिसणं निराळं. एका सकाळी मी मैदानावर गेलो तर सोजराबाई मध्यरेषेपाशी बसलेली. टँकर नुकताच गेला होता, खोलगट जागी पाणी साचलं होतं. तिनं त्याच्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरला, हातानं दाबला, उचलला आणि हंड्यात पिळला. परत अंथरला. परत पिळला. शेणखताचं काळं पाणी.

“मावशी!” मी म्हणालो.

“शेरडाला हाय,” ती घाईनं म्हणाली. “मानसाला न्हाई काढत. तुमची माती न्हाई नेत मास्तर, पान्यापुरतंच.”

मी तसाच लेबर ऑफिसरकडे गेलो. संघाचे सेक्रेटरीही तेच होते. त्यांच्या टेबलावर पाण्याचा तांब्या होता, त्याच्यावर भांडं पालथं घातलेलं. त्या भांड्याकडे बघूनच मी सगळं बोललो. शेवटी म्हणालो, “स्पर्धा होईपर्यंत मैदान कोरडं राहू द्या. टँकर कोप्यांवर पाठवा. आमची पोरं कोरड्यावर खेळतील.”

“आणि बाहेरचे संघ? ते गुडघे सोलून घरी जातील आणि कारखान्याला नावं ठेवतील?”

“साहेब, माणसं मैदान पिळून पाणी नेताहेत.”

“भास्करराव, तोडणीच्या टोळ्यांच्या पाण्याचं मुकादम बघतो. मैदानाचं मी बघतो. तुम्ही पकडी बघा.” मग हसून म्हणाले, “आणि मला पत्रक वाचून दाखवू नका. हजेरी कुठे लागते तुमची?”

मी बाहेर आलो. पोरांना सांगितलं. कप्तान पोपट म्हणाला, “टँकर काय आपण मागवला का, मास्तर?” बाकीचे मान खाली घालून बुटांच्या नाड्या बांधत होते. बाबू कोप्यांकडे बघत होता.

अंतिम सामन्यापर्यंत आम्ही पोचलो. दुपारी टँकर येऊन गेला. उन्हात ओल्या मातीचा वास असा सुटला होता की बाकड्यांवर बसलेले लोक नाकानं ओढून घेत होते. मंडपात पाहुणे बसले. दोन्ही संघ रांगेत उभे राहिले. आणि कोप्यांकडून बाया आल्या. घोषणा नाहीत, फलक नाहीत. रिकामे हंडे घेऊन सरळ मैदानात आल्या आणि ओल्या मातीवर बसल्या. सगळ्यात पुढे सोजराबाई.

लेबर ऑफिसर धावत माझ्याकडे आले. “उचला ह्यांना. तुमची पोरं पकडीत तरबेज आहेत ना? एकेकीला उचला आणि रेषेबाहेर ठेवा.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. घोट्याची पकड, कमरेची पकड, साखळी. हे मी पोरांना कोणासाठी शिकवलं होतं? मी ओरडलो, “कोणी हात लावायचा नाही! जो लावेल तो माझ्या संघात नाही!” पोरं मागे सरली. पोपटसुद्धा सरला. हे मी अभिमानानं लिहितो.

आणि बाबू पुढे गेला.

तो सरळ आईपाशी गेला, वाकला, एक हात पाठीखाली नि एक गुडघ्यांखाली घालून त्यानं तिला उचललं आणि रेषेबाहेर आणून ठेवलं. हंड्यासकट. ती हललीसुद्धा नाही. मंडपात टाळ्या वाजल्या. खरोखर वाजल्या. सोजराबाई बाहेर गेली म्हणून बाकीच्या बायाही एकेक करून उठल्या नि रेषेबाहेर येऊन बसल्या.

“गद्दारा!” मी ओरडलो. “स्वतःच्या आईला? कारखान्याच्या बुटासाठी?”

बाबूनं वर पाहिलं नाही. सोजराबाई म्हणाली, “वरडू नका मास्तर. मीच खुनावलं त्याला. मंडपामागं बगा की जरा.”

मी बघितलं. कनातीच्या मागे कारखान्याचे पहारेकरी ओळीनं उभे होते. काठ्या हातात. ते मला दिसले नव्हते. खाली बसलेल्या बाईला दिसले होते.

शिट्टी वाजली. सामना सुरू झाला. पहिली चढाई बाबूची. तो मध्यरेषेपाशी गेला, खणखणीत आवाजात ‘कबड्डी’ म्हणाला, रेषा ओलांडली, चार पावलं आत गेला आणि गप्प झाला. तोंड मिटलं. हात खाली सोडले. समोरचे गडी पवित्रा घेऊन उभेच. त्यांना वाटलं हा काही नवा डाव आहे, कोणी जवळ येईना. पंचांनी हात वर केला. दम गेला. बाद.

“आरं काय झालं बाब्या?” पोपट ओरडला.

बाकीच्यांनी जीव तोडून एक गडी मारला, बाबू जिवंत होऊन परत आत आला. पुन्हा त्याची चढाई. पुन्हा ‘कबड्डी’ एकदाच. पुन्हा समोरच्यांच्या अंगणात मधोमध जाऊन गप्प उभा. लोक आधी हसले. कोणीतरी ओरडलं, “आरं, भांग घीतली का काय?” तिसऱ्या वेळी हसणं कमी झालं. मला आता कळलं होतं. हे मी शिकवलेलं नव्हतं. असं कुठल्याही पत्रकात मी वाचलेलं नव्हतं.

“बदला त्याला!” लेबर ऑफिसर माझ्या कानाशी म्हणाले. “राखीव गडी घ्या. आत्ता. नाहीतर उद्या सकाळी क्वार्टर रिकामी करायची.”

गुडघा गेलेल्या माणसाला दुसरा कुठला कारखाना घेणार होता? हा विचार माझ्या मनात आला. आला हे मी लपवत नाही. मी म्हणालो, “साहेब, गडी बदलायचा हक्क मार्गदर्शकाचा. तो आत राहील.”

मध्यंतर झालं. प्रमुख पाहुणे खेळातले जाणकार होते, पिकल्या मिशांचे. ते खुर्चीवरून उठून रेषेपर्यंत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “हा मुलगा चांगला खेळतो असं ऐकलं होतं. त्याचा दम कुठे गेला?”

मी उत्तर देणार होतो. माझ्याकडे मोठं उत्तर तयार होतं. पण रेषेबाहेरून सोजराबाई म्हणाली, “घसा कोरडा हाय सायेब त्याचा. कोप्यावर पानी न्हाई.”

कोणी हसलं नाही. पाहुण्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या हंड्याकडे पाहिलं, पायांखालच्या काळ्या ओल्या मातीकडे पाहिलं. मग ते खुर्चीवर जाऊन बसले. लेबर ऑफिसर त्यांना वाकून काही सांगत होते. ते मान हलवत नव्हते, इतकंच मला दिसलं.

दुसऱ्या डावातही बाबू तसाच खेळला. सगळा संघ बाद होऊन आमच्यावर लोण चढत गेले. उरलेल्या पोरांनी प्रामाणिकपणे झुंज दिली. त्यातल्या कोणी बाबूला शिवी दिली, कोणी पाठीवर थाप दिली. ढाल दुसऱ्या संघाला गेली. आपल्याच मैदानावर, आपल्याच पाण्यावर.

दुसऱ्या दिवशी टँकर कोप्यांवर गेला. पाहुण्यांची गाडी त्या रस्त्यानं परत जायची होती म्हणून. गाडी गेली, टँकरही गेला, तो कोप्यांवर पुन्हा फिरकला नाही. कारखान्यानं मला काढलं. बाबूलाही काढलं. तो कोयता घेऊन फडात परतला.

हिशेब मिळायला आठवडा गेला. मग ट्रंक बांधून, ती घेऊनच मी निरोप घ्यायला कोप्यांवर गेलो. वाटेत कोप्यांकडून येणारी एक जीप मला ओलांडून गेली. दुसऱ्या एका कारखान्याची. बाबू मोळी बांधत होता.

“हे कशाला आले होते?”

“खेळाया बोलवत्यात.”

माझा विश्वास बसेना. “त्यांनी तो सामना पाहिला नाही?”

“पाहिला की. म्हनले, दम आमी भरू, पायांची ठेवन चांगली हाय.”

मी हादरलो. एक पोरगा सगळ्यांच्या देखत तोंड मिटून उभा राहतो, आणि बघणाऱ्यांना त्याच्या पायांची ठेवण दिसते! मी सुरू झालो. हे सगळे एकाच माळेचे मणी आहेत, आज इकडे तर उद्या तिकडे, तू त्यांच्या दावणीला जाऊ नकोस. पुष्कळ बोललो. माझं ते बोलणं बरोबर होतं, आजही मी तेच बोलेन. बाबूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“खरं हाय, मास्तर. पगाराचं सांगाया लागले तवा मी म्हनलं, त्ये ऱ्हाऊ द्या. कोप्यांवर नळ हाय का?”

“मग?”

“एकमेकांच्या तोंडाकडं बगाया लागले. मंग गेले. आज परत आले. नळ बसवला म्हनत्यात.”

“आणि तू विश्वास ठेवलास?”

“त्यानं ठिवला,” सोजराबाई खोपटातून बाहेर येत म्हणाली. “म्या न्हाई ठिवला. त्यास्नी सांगितलंय, डिझेल भरून या माघारी. मी सोता जाऊन तोटी फिरवनार. पानी आलं तर पोरगं दीन. न्हाईतर हाय तितं हाय.”

जीप परत आली. मागे दोन अधिकारी दाटीवाटीनं बसले होते. सोजराबाई रिकामा हंडा मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसली आणि गेली.

मी माझी एसटी चुकवली. ट्रंकेवर बसून राहिलो. दिवस कलायला आला तेव्हा रस्त्यावर धूळ दिसली. जीप येत होती, पण इतकी हळू की वाटेवरच्या बैलगाड्या तिला मागे टाकून चालल्या होत्या. जवळ आली तसा सोजराबाईचा आवाज ऐकू यायला लागला. दोन्ही हातांनी हंडा कवटाळून ती ड्रायव्हरवर खेकसत होती, “हळू चालीव की रं मुडद्या, सांडंल!”